अहिरराव सरांचं सोंग

इंदिरानगर, नाशिक
१२ जुलै २०२४

रोशे,

दार लावून वाच. फोनच केला असता, पण तुझ्या पाड्यावर रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर, आणि तिथे उभी राहून तू जे बोलतेस ते खाली कपडे धुणाऱ्या सगळ्या बाया ऐकतात. इकडे स्टाफरूममध्ये मी जे बोलते ते मुख्याध्यापकांच्या केबिनपर्यंत आपोआप पोचतं. बी.एड.च्या होस्टेलवर आपण वॉर्डनच्या नाकाखालून चिठ्ठ्या फिरवायचो, तेच बरं होतं.

तर बातमी अशी. आपल्याकडच्या काही माध्यमिक शाळांनी या वर्षी शाळाजोडी करायचं ठरवलंय. शहरातली एक शाळा, डोंगरातली एक शाळा. महिन्यातून एका शनिवारी दोन्हीकडच्या मुलांनी एकत्र बसून पुस्तकाबाहेरचं काहीतरी शिकायचं. आमच्या शाळेसाठी डोंगरातली शाळा कोणती, असा प्रश्न मीटिंगमध्ये निघाला, आणि बाकीचे विचार करेपर्यंत मी तुझ्या शाळेचं नाव लिहून मोकळी झाले. फार धाडस केलं असं समजू नकोस. मला फक्त तुझ्या हातची नागलीची भाकरी सरकारी कामावर खायची आहे.

आमचे अहिरराव सर तुला माहीत नाहीत. मुख्याध्यापक आहेत, मूळचे नामपूरचे. माणूस वाईट नाही गं, पण त्यांना खुर्चीवरून उठायलासुद्धा टाळ्या लागतात. तुमच्या शाळेमागे डोंगर आहे का, एवढंच त्यांनी मला विचारलं. आहे म्हटल्यावर म्हणाले, मग बॅनर छान दिसेल. पुढे म्हणाले, "मॅडम, लक्षात ठेवा, आपण देणारे आणि ते घेणारे." मी म्हटलं, सर, योजनेत लिहिलंय की दोघांनी एकमेकांना शिकवायचं. तर म्हणाले, ते आपल्याला काय शिकवणार?

आता माझी लाज तुझ्या हातात आहे. तुला आमच्याकडून काय हवं ते सांग, आणि तुझी पोरं आम्हाला काय शिकवतील तेही सांग. काहीही चालेल, पण सरांचं तोंड बंद होईल असं हवं.

तुझीच
योगिनी

*

टेंभरपाडा, ता. सुरगाणा
२८ जुलै २०२४

योगे बये,

आधी विचारून नाव टाकायची तुझी सवय नव्हतीच कधी. होस्टेलच्या गॅदरिंगला माझं नाव लावणीत तूच टाकलं होतंस. त्या वेळी आठ दिवस बोलले नव्हते. या वेळी मात्र तुझ्या तोंडात साखर पडो.

मला काय पाहिजे? प्रयोगशाळा. बूट नको, दप्तरं नको, जुनी पुस्तकं तर अजिबात नको, आमच्याकडे ती उंदीरपण खाईनात. आमच्या विज्ञानाच्या कपाटात एक लोहचुंबक हाय आणि एक तुटकी परीक्षानळी. नववी-दहावीची पोरं प्रयोग पाठ करतात. कृती, निरीक्षण, निष्कर्ष, सगळं घडाघडा. मागच्या आठवड्यात मी शिकवत होते की निळा लिटमस आम्लात तांबडा होतो, तर मयूर नावाचा माझा एक पोरगा उठून म्हणाला, "बाई, तो लाजतो का?" वर्ग हसला, मीपण हसले, पण घरी येऊन मला लय वाईट वाटलं. पोराला लिटमस म्हणजे कागद असतो हेच ठाऊक नव्हतं, आणि बोर्डाला त्यावरच प्रश्न येणार.

तेव्हा शनिवारी तुमची प्रयोगशाळा आमच्या पोरांना उघडी पाहिजे. आणि एक सांगून ठेवते, हे एका वर्षाचं नको. एका वर्षात पोरं फक्त लाजायची थांबतात. शिकायला लागतात ती दुसऱ्या वर्षापासून. हे मी तुला एकटीला नाही सांगत, इथे सगळ्यांना सांगत फिरते, म्हणून लोक मला बघून रस्ता बदलायला लागलेत.

आता आमची पोरं काय शिकवतील ते. सोंगं. तुम्ही शहरातले मुखवटे म्हणता ते. उन्हाळ्यात आमच्या पाड्यावर बोहाडा असतो. गणपती, मारुती, रावण, वेताळ अशी देवांची नि राक्षसांची सोंगं डोक्यावर चढवून संबळाच्या तालावर नाचतात. पाड्याची सगळी खरी सोंगं भागीआजीच्या घरी असतात, तिचा नवरा पुंजाबाबा ती रंगवतो. ती दोघं आमच्या शाळेला शिकवायला येतील. कागदाचा लगदा करून पोरं छोटी सोंगं बनवतात, ती तुमची पोरं शिकतील. तुझ्या सरांना विचार, त्यांना येतं का ते.

रोशनी

*

इंदिरानगर
३ सप्टेंबर २०२४

रोशे,

तू मुलांना घेऊन आलीस त्या शनिवारपासून आमची प्रयोगशाळा आठवडाभर लिंबाचा वास मारत होती. लिटमसचा कागद हातात आल्यावर तुझ्या मयूरने तो ज्यात बुडवला नाही असं काही उरलं नाही. लिंबू झालं, साबण झाला, बाटलीतलं पाणी झालं. मग तू तिकडे मुली मोजत होतीस तेव्हा तो सरांच्या चहात कागद बुडवून आला. सर बोलण्यात दंग होते. तो चहा त्यांनी नंतर पिऊन टाकला आणि मला म्हणाले की आज आलं जरा जास्त पडलंय.

आमच्या मुलांचं सांगते. वैष्णवी नावाची माझी एक विद्यार्थिनी आहे, हुशार पण नाकावर माशी बसू न देणारी. ती तुझ्या मुलींना बन्सेन बर्नर लावून दाखवत होती. नंतर तुझ्या मुलीने तिला विचारलं, चूल पेटवता येते का? तिला येत नव्हती. डिसेंबरचा शनिवार तुमच्याकडे ठरलाय, तर तेव्हापासून ती यायचं म्हणून माझ्यामागे लागलीय.

इथवर सगळं गोड. आता कडू ऐक. सर तुम्हाला सोडायला जीपमधून घाटापर्यंत आले होते ना? परत येईपर्यंत त्यांना दोनदा उलटी झाली. दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, मार्चपर्यंत निभावू, पुढच्या वर्षी विंचूरकडची एखादी शाळा बघा. सरळ रस्ता आहे, जाऊन दुपारच्या आत परत येता येतं, जेवायची सोय चांगली आहे. विंचूर माझं माहेर, तरी त्या दिवशी मला त्या गावाचा राग आला. मी म्हटलं, सर, विंचूरच्या शाळेत प्रयोगशाळा आहे, त्यांना आपली गरज नाही. तर म्हणाले, मग तर उत्तमच, आपल्या अंगावर काही येणार नाही.

मी भांडू शकते, पण भांडून त्यांचं मन वळत नाही, उलट ताठ होतं. डिसेंबरमध्ये ते तुमच्याकडे येतील तेव्हा त्यांना असं काही दाखव की विंचूर विसरले पाहिजेत. आमटी चांगली कर. जोरात टाळ्या वाजवायला पोरांना सांग.

योगिनी

*

टेंभरपाडा
१६ डिसेंबर २०२४

योगे,

तुझ्या रुद्रच्या कांजण्या उतरल्या का? पोराला नेमक्या त्याच दिवशी निघायच्या होत्या. तू आली असतीस तर हे झालं नसतं, आणि झालं असतं तर मला एकटीला हसू दाबायला लागलं नसतं. नीट बसून वाच.

टाळ्या वाजवल्या. आमटीपण झाली. तुझे सर तीन भाकऱ्या जेवले. मग शाळेच्या पडवीत पोरांचं काम चाललं. तुझी वैष्णवी कोपरापर्यंत लगद्यात माखली होती आणि मयूर तिला सांगत होता की मारुतीचं नाक असं करू नको, तो तुझ्यावर चिडंल. सर इकडून तिकडे फिरत फोटो काढवून घेत होते. त्यांना एकही फोटो पसंत पडेना. कागदाचं सोंग हातात घेऊन ते म्हणाले, हे बालवाडीसारखं दिसतंय, खरं काहीतरी द्या.

खरी सोंगं भागीआजीनं पोरांना दाखवायला बाहेर मांडली होती, घोंगडीवर. सर तिथे गेले. मी मागोमाग पळाले. त्यांनी सगळ्यांत मोठं, सगळ्यांत चकचकीत, मोठ्या मुकुटाचं नि सुळ्यांचं सोंग उचललं. "हा राजा कोण?" म्हणाले. मी सांगायला तोंड उघडलं तर पुंजाबाबा जोरात खोकला. सरांनी ते डोक्यावर चढवलं, बॅनरच्या पुढे उभे राहिले, एक हात कमरेवर ठेवला, नि फोटो काढून घेतला. फोटो लय झ्याक आला.

सोंग उतरवून खाली ठेवतात तोवर भागीआजी पुढे आली. सकाळपासून बाई एक शब्द बोलली नव्हती. म्हणाली, "सर, तुमी पाड्याचं सोंग डोक्यावं घेतलं. आता बोहाड्याला ते तुमालाच नाचवाय लागंल. पाच साल."

सर हसले. एकटेच हसले. मग त्यांनी पुंजाबाबाकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहत होते. त्यांनी विचारलं, नाही नाचवलं तर? भागीआजी सोंग कापडात गुंडाळून आत घेऊन गेली. तुला सांगते, जीपमध्ये बसेपर्यंत माणसाचा चेहरा उतरला होता.

आता आणखी एक गोष्ट, आणि ही गिळून टाक. ते सोंग राजाचं नाही. त्राटिकेचं हाय. त्राटिका, राक्षसीण. सरांना हे अजून कुणी सांगितलेलं नाही, नि मी सांगणार नाही.

रोशनी

*

इंदिरानगर
७ जानेवारी २०२५

रोशे, भवाने,

मला वाटतं हे सगळं तूच घडवून आणलंस. विंचूरची बातमी मी तुला कळवली होती, आणि तू म्हातारीच्या कानात भरवून दिलंस. नाही म्हणू नकोस.

इथे काय चाललंय ऐक. सरांनी तो फोटो मोठा करून, फ्रेम करून, केबिनमध्ये खुर्चीच्या मागे लावलाय. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलंय, 'मा. मुख्याध्यापक राजवेशात'. पालक येतात, फोटो बघतात, वा वा करतात. मी केबिनमध्ये गेले की नजर फळ्यावर लावून उभी राहते. गेल्या आठवड्यात संस्थेचे अध्यक्ष आले, त्यांनी विचारलं हा कुठला राजा. सर म्हणाले, डोंगराकडचा कुणीतरी जुना राजा आहे. मला खोकला काढत बाहेर पळावं लागलं.

पण एकटे असले की सर घाबरलेले असतात. त्या शनिवारपासून त्यांचा उजवा खांदा दुखतोय. स्कूटर पंक्चर झाली. ही दोन कारणं त्यांनी मला स्वतः सांगितली, हळू आवाजात. मग सुट्टीत नामपूरला गेले तर तिथे आईला सांगून बसले. चिमणाबाई त्यांचं नाव, ऐंशीच्या पुढच्या आहेत, पण सरांना अजून दम देतात. ऐकल्याबरोबर म्हणाल्या, "देवनं काम शे. आते तुले नाचनंच पडी." झालं. अहिराणी आईपुढे मुख्याध्यापक काय करणार.

तर सर येणार. नाच शिकायला तीन-चार शनिवार लागतील असं मी माझ्या मनानेच सांगून टाकलं. जीप जायचीच आहे, रिकामी कशाला न्यायची, म्हणून मी प्रयोगशाळेच्या सामानाची एक मोठी पेटी भरून ठेवलीय. सर नाचतील तोवर तुझी पोरं प्रयोग करतील. पण जोडी पुढे चालेल असं यातून समजू नकोस. मार्चचं ते अजूनही तसंच म्हणतात.

एक विचारते, खरं सांग. तुमच्यात हा पाच वर्षांचा नियम खरंच आहे ना?

योगिनी

*

टेंभरपाडा
१० फेब्रुवारी २०२५

योगे,

तुझं पत्र वाचून मी लय चिडले होते. मी कुणाच्या कानात काही भरवलं नव्हतं. उलट मलाच वाटत होतं की नियम असेल, आपल्याला ठाऊक नसेल. मी काही बोहाड्याची जाणकार नव्हे, सोंगं पुरुष नाचवतात, आम्ही बघतो. पण तुझ्या शेवटच्या ओळीनं मला झोप येईना. मग एके दिवशी भागीआजीला एकटीला गाठलं. ती नागली पाखडत होती. विचारलं, आजी, हा पाच सालांचा नियम कधीपासूनचा?

सूप थांबवून म्हणाली, "सर आलं त्या दिसापासून."

मी तिथेच खाली बसले. म्हटलं, अगं आजी, देवाच्या कामात खोटं? तर मला म्हणाली, खोटं काय त्यात, पाड्याचा नियम पाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांनीच करायचा असतो ना, मग मी केला. आणि पुढे म्हणाली, "तूच म्हनतीस ना, एका सालात पोरं निस्ती लाजायची थांबतात." मी म्हटलं होतं खरं. मी ते सगळ्यांना सांगत फिरते आणि ते कुणी ऐकत नाही असं मला वाटत होतं.

आता हे तुला कळलं, मला कळलं, आजीला कळलं. पुंजाबाबाला पहिल्यापासून कळलेलं हाय, त्याचा खोकला खोटा होता. पाचव्या माणसाला कळता कामा नये.

सरांचं सांगते. दोन शनिवार झाले. पहिल्या दिवशी पुंजाबाबानं सोंगासोबत हिरवं लुगडं आणून ठेवलं. सर म्हणाले, हे कुणासाठी? पुंजाबाबा म्हणाला, तुमच्यासाठीच. "राजाला लुगडं?" सर म्हणाले. "राजा कोन म्हनलं? त्राटिका हाय ती."

सरांनी सोंगाचे सुळे बोटांनी चाचपले. मग मला विचारलं, "भोये मॅडम, मग माझ्या केबिनच्या भिंतीवर कोण आहे?"

"त्राटिकाच, सर," मी म्हटलं.

मला वाटलं आता उठतील, जीपमध्ये बसतील, नि संपलं. पण माणूस हसला नाही, चिडलापण नाही. म्हणाला, संस्थेच्या अध्यक्षांनी तिला नमस्कार केला होता. आणि उठून नाचायला लागले. पाय मात्र त्यांचे ऐकत नाहीत. संबळ मयूर वाजवतो, नि सर चुकले की थांबून सांगतो, सर, डावा, डावा.

रोशनी

*

इंदिरानगर
१८ मार्च २०२५

रोशे,

घात झाला असं धरून चाल.

काल सर पेठला मुख्याध्यापकांच्या बैठकीला गेले होते. जाताना मला म्हणाले, तिकडच्या गुरुजींना बोहाड्याचं सगळं ठाऊक असतं, जरा नियम विचारून घेतो, नाचात काही चुकायला नको. मी अक्षरशः त्यांची बॅग धरून ठेवली. म्हटलं, सर, कशाला, भोये मॅडम सांगतीलच की. ऐकलं नाहीत. दिवसभर मी वर्गात काय शिकवलं मला आठवत नाही.

संध्याकाळी परत आले. मी फाटकापाशीच उभी होते. विचारलं, बैठक कशी झाली? म्हणाले, चहा बरा होता. आणि केबिनमध्ये गेले. नंतर शिपाई सांगत आला की सरांनी विंचूरच्या शाळेला द्यायचं पत्र टाईप करून घेतलंय. सही अजून केलेली नाही.

मग तेच कळत नाही गं. विचारलं असेल तर चिडायला हवं होतं, मला बोलावून झाडायला हवं होतं. विचारलंच नसेल, तर आज अचानक पत्र कशाला? फोटो अजून भिंतीवर आहे, फक्त सोनेरी अक्षरांवर त्यांनी शाळेच्या वेळापत्रकाची पट्टी चिकटवलीय.

मला भीती वाटते. माझ्या नोकरीची थोडी, खोटं कशाला बोलू. पण जास्त भीती ही, की आपण फसवलं असं त्यांना कळलं तर ते तुझ्या पोरांसाठी दार कायमचं बंद करतील. आणि ते चुकीचंही नसेल. आपण एका माणसाच्या देवभोळेपणावर शाळा चालवतोय, रोशे. हसताना हे लक्षात येत नव्हतं. मला वाटतं बोहाड्याच्या आधी तू त्यांना खरं सांगून टाक. मी सांगितलं असतं, पण तुझ्या पाड्याची गोष्ट आहे, तुझ्या तोंडून बरी.

बोहाड्याला मी येऊ शकणार नाही. अमोलचं लग्न त्याच दिवशी आहे, आणि सख्ख्या भावाच्या हळदीला नाही गेले तर विंचूरकर मला गावात पाय ठेवू देणार नाहीत. सगळं लिहून कळव. काहीही गाळू नकोस.

योगिनी

*

टेंभरपाडा
६ मे २०२५

योगे,

नाचले गं. सांगते.

त्राटिकेची पाळी सकाळी उजाडल्यावर होती. सर आदल्या दिवशीच आले, आईला घेऊन. चिमणाबाई जीपमधून उतरल्या त्या थेट भागीआजीच्या ओट्यावर जाऊन बसल्या. ही बोलते ते तिला कळेना, ती बोलते ते हिला कळेना. तरी दोघींचं हसणं काही थांबेना. एकमेकींना तंबाखू देऊन झाली.

मी तुझं ऐकलं. सकाळी सर भागीआजीच्या पडवीत लुगडं नेसून बसले होते, पुंजाबाबा त्यांच्या पायाला चाळ बांधत होता. मी म्हटलं, सर, मला तुम्हाला एक खरं सांगायचंय, या नियमाबद्दल. सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "मॅडम, आधी पदर नीट खोचून द्या. पायात येतोय." मी पदर खोचला. पुन्हा बोलायला गेले तोवर त्यांनी सोंग डोक्यावर चढवलं होतं, नि बाहेर संबळ सुरू झालं होतं.

मग त्राटिका आली. योगे, काय सांगू. पहिल्या फेरीला पाय अडखळत होते. पोरं खिदळत होती. चौकात मधोमध ताल सुटला, तर मयूरनं सगळ्या पाड्यासमोर संबळ थांबवलं नि जागेवर उभं राहून डावा पाय टाकून दाखवला. मला वाटलं, मेलं पोरगं, आता सर काय करतात. सरांनी पाय बघितला, मान डोलावली नि तसाच टाकला. त्यानंतर मात्र अंगात वारं शिरलं. पोरांमागे धावली ती त्राटिका, पार शाळेच्या फाटकापर्यंत. सर आतून ओरडत होते, "कथा पयतस रे?" अहिराणीत, म्हणजे कुठं पळता. त्यांच्या आईनं ते ऐकलं नि भागीआजीच्या मांडीवर थाप मारून इतकी हसली की डोळ्यांना पदर लावला.

सोंग उतरलं तेव्हा सर भिजून चिंब झाले होते. जमिनीवर बसून पाणी प्यायले, पोरांबरोबर भाकरी खाल्ली. पुंजाबाबानं त्यांच्या खांद्यावर हात टाकला, त्यांनी तो काढला नाही. मी वाट बघत होते की जोडीचं काही बोलतील. एक अक्षर नाही. आईला हात धरून जीपमध्ये बसवलं, भागीआजीला वाकून नमस्कार केला नि गेले.

धूळ खाली बसल्यावर मी शाळेच्या मागे जाऊन रडले. नाच बघून नव्हे. आतल्या खोलीत तुझी ती प्रयोगशाळेची पेटी ठेवली होती, नि मयूर तिच्यातल्या परीक्षानळ्या पुसून ठेवत होता. म्हणाला, बाई, ही परत न्यायची का? मी म्हटलं, ठाऊक नाही रे.

शाळा उघडेपर्यंत काही कळलं तर कळव. नाहीच कळलं तर पेटी मी एसटीनं पाठवीन.

रोशनी

*

नाशिक
१४ जून २०२५

श्रीमती रोशनी भोये,
मुख्य शिक्षिका, माध्यमिक शाळा, टेंभरपाडा

मॅडम,

हे पत्र शाळेच्या कागदावर नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. कार्यालयीन पत्र वेगळं पाठवलं आहे. त्यात मजकूर नीट आहे, यात नाही.

मार्चमध्ये पेठच्या बैठकीत मी तिथल्या एका गुरुजींना विचारलं होतं की सोंग एकदा घातलं तर पाच वर्षं नाचवावं लागतं, हे खरं का. ते इतके हसले की त्यांच्या बशीतला चहा माझ्या पँटवर सांडला. परतीच्या वाटेवर मला अतिशय राग आला होता. विंचूरचं पत्र त्याच रागात टाईप करून घेतलं. सही करणार होतो, पण म्हटलं, आधी येत्या शनिवारी टेंभरपाड्याला जाऊन तुम्हा सगळ्यांना समोरासमोर उभं करून बोलतो. कोणते शब्द वापरायचे तेही ठरवलं होतं, चांगले शब्द होते.

गेलो. मुलं रस्त्यावर येऊन थांबली होती. मला वाटलं माझ्यासाठी. जीप थांबल्याबरोबर त्यांनी प्रयोगशाळेची पेटी उतरवून घेतली आणि पळाली. मी उतरलो की नाही हे कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. भाषण करायला समोर माणूसच नव्हता. मग पुंजाबाबांनी लुगडं आणलं आणि मयूरने संबळ घेतलं. पाच मिनिटांत तो म्हणाला, "सर, पाय चुकतोय." मॅडम, इतक्या वर्षांच्या नोकरीत माझा पाय चुकतोय असं मला कुणी सांगितलं नव्हतं. आई सोडून. मला तो मुलगा फार आवडला. त्या दिवशी मी बोलायचं ते बोललो नाही, आणि नंतर बोलावंसंही वाटलं नाही.

बोहाड्याच्या सकाळी तुम्ही मला खरं सांगायला आला होतात. मी तुम्हाला सांगू दिलं नाही, कारण तुम्ही सांगितलं असतं तर मला रागवावं लागलं असतं, आणि आई ओट्यावर बसली होती. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत मी असाच पोरांच्या मागे धावायचो आणि ती दारातून हसायची. वडील गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. एवढ्यासाठी मी पाच वर्षं लुगडं नेसेन.

योगिनी मॅडमना यातलं काही सांगू नका. माझ्या केबिनमध्ये आल्या की त्या अजूनही फळ्याकडे बघत उभ्या राहतात. मला मजा येते.

विंचूरचं पत्र फाडलं. पेटी परत पाठवू नये, दुसरी येते आहे. शाळाजोडीचा ठराव संस्थेकडून पाच वर्षांसाठी मंजूर करून घेतला आहे. अध्यक्षांनी कारण विचारलं तेव्हा मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं आणि देवाचं काम आहे म्हणालो. त्यांनी लगेच सही केली.

आता एकच अडचण आहे. दोन वर्षांनी मी निवृत्त होतो. माझ्या जागी जो येईल त्याला उलट्या होणार, रस्ता लांब वाटणार, आणि कागदावरचा ठराव मोडणं त्याला कठीण नाही. तेव्हा मी असं ठरवलं आहे की निवृत्त होण्याआधीच्या शनिवारी मी त्याला घेऊन तुमच्याकडे येईन. फोटो काढायला म्हणून.

त्याच्या मापाचं सोंग कोणतं, ते भागीबाईंनी आत्तापासून पाहून ठेवावं.

आपला
यादवराव अहिरराव